जर्मन कॅमेऱ्याचा पहिला रोल

इंटरनेटवरून जर्मनीतला वापरलेला कॅमेरा मागवायचा, ही अक्कल तेजश्रीचीच. दहावीत गेल्यापासून पोरगी नुसती उधळली होती. भालकीच्या सायबर कॅफेत खुर्चीवर बसली की अख्ख्या तालुक्यात आपणच शहाण्या, असा थाट. वडील तुळजाराम लग्नाचे फोटो काढायचे. त्यांचा जुना कॅमेरा ऐन वेळी अडायला लागला होता. न बघता वस्तू घ्यायची म्हणजे अंधारात दगड मारायचा, असं ते म्हणत राहिले. पण तेजश्रीनं पडद्यावर दाखवून दाखवून त्यांना पटवलंच, आणि बंगळूरच्या मामाच्या कार्डावर कॅमेरा मागवला.

खोकं आलं नि घरात सण झाला. आता त्यांच्या घरची रीत अशी, की दुसऱ्यानं वापरलेली वस्तू, मग ती सायकल असो की घागर, घासूनपुसून लख्ख केल्याशिवाय खंडोबापुढं ठेवायची नाही. कुणाकुणाच्या हातातून आलंय काय माहीत, म्हणत आईनं कॅमेरा लेकीकडं दिला. तेजश्रीनं मागचं दार उघडलं तर कडेच्या खाचेत काळं, चिकट काहीतरी. गोऱ्यांचा मळ, दुसरं काय? तिनं केसातली पिन काढून ते सगळं खरवडलं, रॉकेलच्या बोळ्यानं खाच चकचकीत केली, आणि मग कॅमेऱ्याला भंडारा लावला.

दुसरी रीत तुळजारामांची स्वतःची. नव्या कॅमेऱ्यातला पहिला रोल शुभकार्याचाच. भिंती नि झाडं काढून तो वाया घालवणं म्हणजे अपशकुन. म्हणून पहिला रोल भरला तो थेट खटकचिंचोळीला, नेत्रावतीच्या लग्नात. तिचा भाऊ प्रशांतकुमार दुबईहून कैक वर्षांनी आला होता, आणि लग्न लागलं की लगेच परत निघणार होता. त्यांच्या आईचं, दानम्माचं, एकच मागणं होतं. सगळ्या लेकरांसंगं आपला एक फोटो.

रोल धुऊन आला आणि तुळजारामांनी फोटो एकेक करून जमिनीवर मांडले. एकही फोटो धड नव्हता. जिथं तिथं तांबड्या-पिवळ्या जाळाचे लोळ उठलेले, जसा काही मांडवच पेटलाय.

त्यांनी कॅमेऱ्याचं दार उघडलं आणि खाचेवरून बोट फिरवलं. इथं काळा स्पंज असतो, ते म्हणाले, तो उजेड अडवतो. जुना झाला की चिकट होतो, पण असतो तरी. ह्या विकणाऱ्या लबाडानं तो काढूनच कॅमेरा धाडला.

तेजश्रीला केसातली पिन आठवली. आता बोलावं, मग बोलावं, असं करत रात्र झाली. जेवताना वडील त्या परदेशी माणसाला शिव्या घालत होते, आणि ती मान खाली घालून भाकरी मोडत होती.

दुसऱ्या दिवशी ते तिला कॅफेत घेऊन गेले.

"लिही इंग्रजीत," ते म्हणाले. "म्हनावं, आमी लहान मानसं हाव, पन आंधळे न्हाई. असं फसवताना लाज कशी वाटली न्हाई तुला?"

एरवी टकाटक चालणारी तिची बोटं जागची हलेनात.

"कामून थांबलीस? इंग्रजी आटली व्हय तुजी?"

"अप्पा, त्यानं न्हाई काढला स्पंज. म्या काढला. घान समजून."

तुळजारामांनी पडद्याकडं पाठ केली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आधी भिंती-झाडांचा एक रोल काढून बघितला असता, तर काय बिघडलं असतं माजं?"

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तेजश्रीला हलकं वाटलं असतं. दानम्माला मी सांगते, एवढंच ती म्हणाली.

त्यातल्या त्यात कमी जळालेला फोटो घेऊन ती खटकचिंचोळीला गेली. दानम्मानं ओले हात पदराला पुसले आणि आधी फोटोच मागितला. तेजश्रीनं तो दिला आणि पिनेपासून रॉकेलपर्यंत सगळं सांगून टाकलं. दानम्मा रागावली नाही. तिचं लक्षच नव्हतं. ती फोटो दाराच्या उजेडात धरून बघत होती. नेत्रावती दिसत होती, तिची स्वतःची अर्धी साडी दिसत होती.

"पोरी," ती म्हणाली, "ह्यातला माजा प्रशांत कुटला ग?"

तेजश्रीनं सगळ्यात मोठ्या तांबड्या लोळावर बोट ठेवलं.