पाचवा टॅब

श्रुतिकाचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. त्याच वर्षी तिच्या आईचा, शेवंतीचा, डावा डोळा मधुमेहाने नेला आणि उजव्यात धुकं भरलं. मुलुंडच्या धर्मादाय दवाखान्यात ती केसपेपर काढायची. निवृत्तीला दोन वर्षं होती. कळलं तर घरी बसवतील, म्हणून तिने लेकीलाही सांगितलं नाही.

काम अडत नव्हतं. नाव कानाने ऐकायचं, बोटांनी टाइप करायचं. टॅबची कळ मारली की पुढचा रकाना: वय, मग पत्ता. पाचव्या टॅबला तारीख, सहाव्याला विभाग. हा प्रोग्राम दवाखान्याचे संगणक बघणाऱ्या मार्तंडने वीस वर्षांपूर्वी तिच्याच शेजारी बसून, तिला विचारून विचारून लिहिलेला. पडद्याकडे बघायची गरजच नव्हती.

मग दवाखान्याला नवं रूप हवं झालं. सगळा प्रोग्राम बदलणं परवडेना, म्हणून मार्तंडने तारखेची नवी, रंगीत चौकट बनवून जुन्या पडद्यात बसवली. सोमवारी शेवंतीने पाचवा टॅब मारला, सहावा मारला, पण टॅब त्या चौकटीतून बाहेरच पडेना. दिवस, महिना, वर्ष, पुन्हा दिवस. विभागाचे आकडे तारखेत जात राहिले. दुपारपर्यंत चाळीस केसपेपर चुकले.

"शेवंतीताई, समोर दिसतंय ना?" व्यवस्थापक देवव्रतने रांगेदेखत विचारलं.

"नवीन आहे ना, हात बसायला वेळ लागतो," ती म्हणाली.

मार्तंड येऊन शेजारी बसला. त्याने हळूच विचारलं, चौकटीचा रंग आवडला का?

"निळा बरा दिसतो," ती म्हणाली.

चौकट पिवळी होती. मार्तंडने एकदा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग उठून देवव्रतला म्हणाला, "चूक माझी आहे. माझी चौकट टॅब गिळते." ते खरंही होतं. तीन दिवस खपून त्याने टॅबला जुन्या पडद्यात परतायची वाट करून दिली.

"आता सहाव्याला विभागच येईल, ताई. मोजा बिनधास्त."

मोजा म्हणाला, बघा नाही. शेवंतीला कळायचं ते कळलं.

पुढे दीड वर्ष एकही केसपेपर चुकला नाही. निवृत्तीला चार महिने उरले असताना ती मार्तंडच्या अंत्यदर्शनाला त्याच्या घरी गेली. बाहेरची खोली माणसांनी भरली होती. देवव्रत तिच्या मागेच उभा होता. आवाजावरून ते तिला ठाऊक होतं, तरी ती मार्तंडच्या बायकोला घरच्या मालवणीत म्हणाली, "शुभा, माका दिसणा नाय गो. तेचा तोंड कसा आसा, ता सांग."

देवव्रतने पुढे होऊन शेवंतीचा हात धरला आणि मार्तंडच्या पायांवर नेऊन ठेवला.

मार्तंड गेला तो १९ जानेवारी २०२४, शुक्रवारी सकाळी.