येऊ दे, येऊ दे

गाडी मागे घेताना मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणाऱ्या माणसाला लायसन्स लागत नाही. लागत असतं, तर आमच्या बाबांचं मीच फाडून टाकलं असतं.

सकाळी आई इमारतीच्या आवारातून गाडी मागे काढत होती. तिला लायसन्स मिळून दोन महिने झालेले. सोमवारपासून दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर नवी नोकरी. दवाखाना पार दुसऱ्या टोकाला, हजेरी सकाळी सहाला, आणि त्या वेळी बस नाही. म्हणजे गाडी नाही तर नोकरीही नाही.

बाबा मागे उभे. "येऊ दे... अगं, भरपूर जागा आहे, येऊ दे..."

धाड्.

त्या भरपूर जागेत गणिताच्या सरांची गाडी उभी होती.

मी जिन्याच्या पायरीवर बसून सगळं बघितलं. बाबांचं तोंड "येऊ दे" म्हणत होतं, डोळे मात्र हातातल्या फोनवर. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ बघून हसत होते.

आई घाईने उतरली. "कुणाला लागलं नाही ना? मी आधी सरांना सांगून येते."

"थांब!" बाबा ओरडले. "अपघात झाला की पहिला नियम, शांत राहायचं!" हे इतक्या जोरात की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "दुसरा नियम, चूक कबूल करायची नाही!"

हा दुसरा नियम फक्त स्वतःपुरता. सर खाली येईपर्यंत बाबांनी आईची चूक वॉचमनकडे, पेपरवाल्याकडे आणि फोनवर काकाकडे कबूल करून टाकली होती.

"हिला अंदाजच येत नाही हो," ते सरांना म्हणाले. "आजपासून किल्ली माझ्याकडे." आणि टाकली खिशात.

आई वाकून फुटलेल्या दिव्याच्या काचा गोळा करू लागली. तिडीक माझ्या डोक्यात गेली.

सर मोजायची टेप घेऊनच आले होते. याच सरांच्या तासाला मी दहावीत वर्गातून उठले, ती परत गेलेच नाही. "कुणाला लागलं नाही ना? छान," ते म्हणाले. "गाड्या हलवू नका. आधी फोटो, मग मोजमाप, मग फॉर्म." बंपर वाकलेला, एक दिवा फुटलेला, तेवढ्यासाठी त्यांनी बारा फोटो काढले. मग विम्याचा फॉर्म पुढे केला. "इथे आकृती हवी. गाड्या कुठे, माणसं कुठे."

"मी काढतो," बाबा म्हणाले. त्यांनी काड्यापेट्यांसारखे दोन चौकोन काढले आणि मध्ये एक बाण.

"यात तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"माझी काय गरज आहे?"

"फॉर्मात लिहिलंय, माणसं. द्या इकडे."

त्यांची आकृती खोडून मी शेजारी नवी काढायला घेतली. फाटक, खांब, दोन्ही गाड्या. आईचे दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर आरशात. बाबा माझ्या खांद्यावरून डोकावून सूचना देत होते. "माझा हात वर दाखव. इशारा करताना. आणि पोट जरा आत घे."

मी पोट होतं तेवढंच ठेवलं. उजव्या हातात फोन काढला, हसणारे दात काढले, आणि डोळ्यापासून फोनपर्यंत तुटक रेषा मारली.

"हे काय? साफ खोटं!" बाबा लाल झाले. "शाळा सोडलेल्या पोरीचं कोण ऐकणार आहे?"

आईने कागद ओढला. तुटक रेषेवरून बोट फिरवलं. "अहो, म्हणजे तुम्ही बघतच नव्हता?"

"अगं, कान तुझ्याकडेच होता माझा!"

"कानाने मागची गाडी दिसते होय?"

सरांनी कागद घेतला, आधी लांब धरला, मग नाकाशी आणला. खिशातून लाल पेन काढलं. फॉर्मवर! "दहापैकी नऊ."

माझं डोकंच फिरलं. "एक का कापला?"

"फोन डाव्या हातात होता," सर म्हणाले. "उजव्याने ते पोट खाजवत होते. मी गॅलरीत दात घासत होतो."

वॉचमन खो खो हसला. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही गाडी त्यानेच ठोकली.

आईने तळहात पुढे केला. "येऊ दे."

बाबांनी खिशात हात घातला. आधी फोनच बाहेर आला.

"दुसऱ्या खिशात," आई म्हणाली.