मार्चपर्यंतची कॉइल

सिगारच्या कारखान्याच्या फाटकासमोर, औषधांच्या दुकानाच्या ओसरीत माझं टेबल आहे. मी लायटर दुरुस्त करते. गॅस भरायचा, गारगोटी बदलायची, अडकलेलं चाक सोडवायचं. नवरा हेच करायचा. तो गेला आणि टेबल राहिलं, म्हणून मी बसले. या तीन-चार वर्षांत आमच्या प्लासेतास गावातल्या लोकांची परदेशी गेलेली मुलं तिकडून वाफेच्या सिगारेटी पाठवायला लागली. सिगारेट पाठवतात, पण आतली कॉइल जळली की दुसरी इथे कुणी देत नाही. तेव्हा मी कॉइल साफ करायला शिकले. पहिल्या दोन-चार बिघडवल्या, शिव्या खाल्ल्या, मग हात बसला.

माझं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे आरिस्तिदेस मास्तर. मास्तर शाळेतले नव्हेत, ते कारखान्यातले वाचक. एकतीस वर्षं उंच खुर्चीवर बसून सिगार वळणाऱ्यांना सकाळी पेपर आणि दुपारी कादंबरी वाचून दाखवतात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचा सिगार बंद केला, तेव्हा परदेशी, टॅम्पाला राहणाऱ्या मुलीने, यानेलिसने, हे वाफेचं यंत्र पाठवलं. कारखान्यातल्या बायांना चिडवायला तेवढंच पुरलं.

"मास्तर, आम्ही इथे दिवसभर तंबाखू वळतोय आणि तुम्ही आमच्या नाकावर आंब्याचा वास सोडताय! लाज नाही वाटत?"

मास्तर हसायचे आणि पुढचं पान उलटायचे.

सप्टेंबरात त्यांची बायको मिग्दालिया लेकीच्या बाळंतपणाला टॅम्पाला गेली. मार्चमध्ये परत येणार होती. तेव्हा घरात एकच कॉइल शिल्लक होती. मिग्दालिया म्हणाली, "येताना आणते. तोवर पुरवा." त्याच आठवड्यात मास्तर माझ्या टेबलाशी आले.

"नेरेइदा, ही मार्चपर्यंत चालली पाहिजे."

"मास्तर, ही दोन-तीन आठवड्यांची वस्तू आहे."

"मार्चपर्यंत," ते म्हणाले.

मी चालवली. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी धातूची नळी असते ती, बाजूला भोकं, आत तारेचं वेटोळं आणि तारेभोवती कापूस. कापूस यंत्रात भरलेलं लिक्विड पितो, तार तापते, वाफ होते. गोड लिक्विड असेल तर तारेवर काळी पुटं चढतात आणि करपट वास येतो. मग मी ती औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये दोन तास बुडवायची, गरम पाण्यात खळबळायची, एका बाजूने फुंकून पाणी काढायची आणि पातळ फडक्यावर उन्हात ठेवायची. पुरा एक दिवस. आत पाणी राहिलं तर लिक्विड कापसात शिरत नाही, चरचरतं आणि जिभेवर उडतं. जानेवारीत तर मी खालचं झाकण चिमट्याने उघडून आतला कापूसही बदलला होता. पण कॉइलचं आयुष्य माझ्यापेक्षा ओढणाऱ्याच्या हातात जास्त असतं. हे मी मास्तरांना पन्नासदा सांगितलं असेल.

"दोन झुरक्यांमध्ये थांबायचं. कापसाला पुन्हा भिजायला वेळ द्यायचा. तुम्ही लागोपाठ ओढता, कापूस कोरडा पडतो आणि कोरडा कापूस जळतो."

"मी कुठे लागोपाठ ओढतो?" असं म्हणता म्हणता त्यांनी दोन झुरके घेतलेले असायचे.

मिग्दालियाचा फोन बुधवारी आणि रविवारी यायचा. आधी अर्धा तास, नाताळानंतर दहा मिनिटं, मग नातवाचं रडणं ऐकवण्यापुरता. फोन कसा झाला हे मला विचारावं लागायचं नाही. गुरुवारी सकाळी कॉइल बघितली की कळायचं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी साडेसातलाच ते आले. रविवारनंतर त्यांनी कॉइलची पार राख केली होती.

"आज फोन यायचाय. संध्याकाळपर्यंत दे."

"उद्या सकाळी."

"पंख्यासमोर धर ना जरा."

"वीज कुठे आहे?"

त्यांनी वर पाहिलं, जणू वीज माझ्या डोक्यावर टांगलेली असावी. मग आत गेले. नवाच्या सुट्टीत परत आले. "वाळली?" दहा वाजता फाटकातूनच हातवारे केले: वाळली? साडेदहाला कुणालातरी लायटर भरायचाय म्हणून सोबत आले आणि माझ्या फडक्यावरची कॉइल बोटाने चाचपू लागले. मी हातावर चापट मारली. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून ओठात धरली, काढली, पुन्हा धरली. त्यांना स्टुलावर बसवलं तर ते स्टूल घेऊनच उभे राहिले असते, असा त्या दिवशी त्यांचा जीव झाला होता.

अकराला सुलेमा आली. ही बाई महिन्याला एकदा विमानाने टॅम्पाला जाऊन लोकांची पार्सलं घेऊन येते. कारखान्याच्या पहारेकऱ्याशी तिचं भांडण, म्हणून मास्तरांची पिशवी माझ्याकडेच ठेवून गेली. जाताना म्हणाली, "सांग त्यांना, पुरे झालं ना आता! वजन सगळं यांच्याच डब्यांचं."

पारदर्शक पिशवी होती. बाळाचा फोटो, एक मोज्यांची जोडी, गोळ्यांची बाटली आणि कॉइलच्या पाच डब्या. एका डबीत पाच.

मी डब्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. पुढच्या महिन्यात परत येणारी बायको नवऱ्याला पंचवीस कॉइल पाठवत नाही. मिग्दालियाला माझ्या साफ करण्याचं काही माहीत नव्हतं; तिला वाटत असणार, यंत्र कधीच बंद पडलं. तिच्या हिशोबाने एक कॉइल दोन आठवडे. तसं धरलं तर वर्ष होत होतं.

मला बसवेना. मी उठून ओसरीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. एका पोरीचा लायटर हातात होता, त्याची स्प्रिंग उडून गटारात गेली. दुपारची कादंबरी वाचायची होती त्यांना, संध्याकाळी फोन होता. मला वाटलं, आजचा दिवस तरी जाऊ दे. तीच सांगेल फोनवर, सांगायचंच असेल तर. त्यांनी ते डब्या मोजून का वाचायचं?

मी चार डब्या काढल्या आणि टेबलाच्या खणात, गारगोट्यांच्या खाली ठेवल्या. एक पिशवीत राहू दिली.

बाराला मास्तर आले. पिशवी उघडून त्यांनी आधी डबी काढली, फोटो नंतर.

"एकच!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की औषधवाला बाहेर डोकावला. "नेरेइदा, एकच पाठवलीय! म्हणजे येतेय. येणारच होती म्हणा. पण एकच डबी, म्हणजे नक्की."

मी नवी कॉइल बसवून दिली. भोकांतून थेंब थेंब लिक्विड सोडलं आणि म्हटलं, "पंधरा मिनिटं हात लावायचा नाही." ते पंधरा मिनिटं माझ्या टेबलाभोवती फिरले. फिरता फिरता सांगत होते: घराला चुना लावायचा, मागच्या खोलीचं दार घासतं ते बघायचं, मिग्दालियाला पेरूची वडी आवडते ती आत्तापासून कुठे मिळते ते शोधायचं. मी मान डोलवत होते आणि खणाकडे बघत नव्हते.

दुपारी खिडक्यांतून त्यांचा आवाज रस्त्यावर येत होता. वर्षभरात त्यांनी असं वाचलं नव्हतं. शेवटी वळणाऱ्यांनी पानं कापायच्या चपट्या सुऱ्या पाटांवर आपटल्या, त्यांची टाळी तीच. तो खडखडाट ऐकून मी खण आणखी आत ढकलला.

सहाच्या सुमाराला मी टेबल आवरत होते. मास्तर रस्ता ओलांडून आले, वाहनं न बघता.

"पाच डब्या होत्या," ते म्हणाले.

मी फडक्याची घडी घालत राहिले.

"मिग्दालियाने फोनवर विचारलं, पाचही नीट पोचल्या ना? बाकीच्या तू कुणाला दिल्यास? आधी सुलेमावर संशय आला. मग म्हटलं, नाही, सुलेमा सगळी पिशवी ठेवेल, चार नाही. एकतीस वर्षं मी या फाटकातून येतो-जातो, नेरेइदा. माझ्या घरची वस्तू तू—"

मी खण उघडला आणि चारही डब्या टेबलावर मांडल्या.

ते बघत राहिले. "विकल्या नाहीस?"

"नाही."

"मग?"

"पंचवीस आहेत मास्तर. मला मोजता येतात."

त्यांना कळायला वेळ लागला. म्हणजे चेहऱ्यावर आधी राग होता तो तसाच राहिला, फक्त त्याच्यामागून माणूस निघून गेला. ते स्टुलावर बसले. त्या दिवशी माझ्या टेबलाशी पहिल्यांदा बसले.

"तुझ्या हाताने एक किती चालते?"

"नीट ओढलीत तर दोन महिने. मागची पाच महिने रेटली, पण तशी प्रत्येक चालत नाही."

"पन्नास महिने," ते म्हणाले. "चार वर्षं."

"तिला माझ्या हाताचं माहीत नाही. तिच्या हिशोबाने वर्ष."

"वर्ष." त्यांनी यंत्र काढलं, ओढलं, लगेच पुन्हा ओढलं.

"तुम्ही काय सांगितलंत तिला? पोचल्या का म्हणून विचारलं तेव्हा?"

"पोचल्या म्हटलं. तुला चोर म्हणायचं तर ते मी म्हणणार, तिने कशाला?" डब्या एकावर एक रचत ते म्हणाले, "आणि मी दुसरं काही विचारलं नाही."

"विचारा ना!"

"तू माझ्या हातात काहीही दे, मी वाचून दाखवतो. विचारणं मला जमत नाही." ते उठले, डब्या पिशवीत भरल्या. "तू हे करायला नको होतंस, नेरेइदा. मला दुपारभर वेडं केलंस. मी चुन्याची चौकशी करून आलो."

मी खण लावला आणि टेबल उचललं.

रविवारपर्यंत त्यांनी दोन नव्या कॉइल जाळल्या. कारखान्यातून बातम्या येत होत्या: मास्तर ओळ गाळतात, एकाच पानावर दोनदा येतात, मध्येच उठून खिडकीशी जातात. पहिल्या रांगेतली ओसमायदा मला येऊन म्हणाली, "काय घालतेस गं त्यांच्या यंत्रात?"

रविवारी दुपारी ते माझ्या घरी आले. म्हणाले, "बागेत चल. तिथे फोन नीट लागतो. माझ्याबरोबर बस. काही बोलू नकोस." मी गेले. बाकावर बसलो, फोन वाजला, त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मिग्दालियाने बाळाचं सांगितलं, थंडीचं सांगितलं. मास्तर हो हो करत होते आणि गुडघा हलवत होते. बाकसुद्धा हलत होतं.

"मिग्दालिया," ते एकदम म्हणाले, "मार्चमध्ये येतेस का?"

पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

"यानेलिसला कामावर जायचंय हो. बाळाला कोण बघणार? मी सांगणारच होते."

"कधी?"

"रोज ठरवत होते."

"मग तेच सांगायचं. डब्या कशाला पाठवल्यास?"

"तुमचं काही अडू नये म्हणून."

"माझं अडतं," मास्तर म्हणाले. "अडतं मिग्दालिया. कॉइल असली तरी अडतं."

ती रडायला लागली, बाळही रडायला लागलं आणि फोन तुटला. त्यांनी पुन्हा लावला. तो लागला, आणि मी उठून बागेच्या दुसऱ्या टोकाला शेंगदाणे घ्यायला गेले. परत आले तेव्हाही ते बोलतच होते. किती तरी वेळ बोलत होते.

मार्चमध्ये सुलेमा आली तेव्हा मास्तरांनी तीन न उघडलेल्या डब्या तिच्या हातात ठेवल्या. "परत ने. मिग्दालियाला म्हणावं, येताना तू घेऊन ये."

सुलेमा कपाळावर हात मारून म्हणाली, "सगळा देश बाहेरचं आत मागवतो आणि हा माणूस आतलं बाहेर पाठवतो! मास्तर, डॉक्टरला दाखवा." पण नेल्या.

माझ्याकडे ते तीन महिने फिरकले नाहीत. रस्त्यात मान हलवायचे, एवढंच. ओसमायदाकडून कळलं की ते स्वतःच साफ करायला बघतात. एक कॉइल त्यांनी पातेल्यात उकळत ठेवली आणि विसरले. मग जूनमधल्या एका सकाळी ते आले, खिशातून कॉइल काढून फडक्यावर ठेवली आणि नुसतेच उभे राहिले.

"उद्या सकाळी," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि गेले. अर्ध्या रस्त्यातून वळून आले. "वीज आहे का?"

"नाही."

ऑगस्टात मिग्दालिया अकरा दिवसांसाठी आली. ती बारीक झाली होती, केस कापले होते. माझ्या टेबलाशी एकटी आली. मला वाटलं, आता ऐकवणार.

"डब्यांचं त्यांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "चार दिवस मला तुमचा फार राग होता."

"साहजिक आहे."

"तुम्ही लपवल्यात त्याचा नाही. तुम्हाला मोजून कळलं त्याचा." ती रस्त्याकडे बघत होती. "मी स्वतः मोजल्या नव्हत्या हो. दुकानात हात टाकला, आल्या तेवढ्या घेतल्या. पैसे देताना यानेलिस म्हणाली, आई, एवढ्या? तेव्हा कळलं मला, मी काय ठरवलंय ते."

बाराव्या दिवशी सकाळच्या बसने ती गेली. जाताना तारीख सांगून गेली, पुढच्या मे महिन्यातली, आणि मास्तरांनी ती माझ्यासमोर तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. बस सुटल्यावर ते कारखान्यात गेले. वाचनाला अजून तास होता म्हणून बाहेर आले. औषधाच्या दुकानात शिरले, काही न घेता निघाले. माझ्यापाशी आले.

"बसा मास्तर."

"नाही, बसत नाही," ते म्हणाले. "इकडून तिकडे फिरतो जरा." आणि ओसरीच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ते फिरत राहिले. मधूनमधून मोठ्याने दुपारचं प्रकरण घोकत होते, एखादा शब्द अडला की थांबून पुन्हा म्हणत होते, आणि कारखान्याचा भोंगा झाला तसे आत गेले.