कर्जाचं लाल पाणी

आमच्या बेल्डन गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी इतकी गर्दी झाली, की भिंतींनी पोटं आत ओढून घेतली. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, अजून त्यांनी श्वास सोडलेला नाही.

मंचावर प्रोफेसर क्रॅन्डल. कुठल्या कॉलेजचा, ते कॉलेजलाही ठाऊक नसावं. हातात काचेचे दोन पोकळ गोळे, मध्ये वळणावळणाची नळी, खालच्या गोळ्यात लाल पाणी. समोर ओळीने अमेरिकेच्या अध्यक्षांच्या तसबिरी.

"बंधूंनो, देशाच्या डोक्यावर कर्ज कुणी चढवलं हे अर्थतज्ज्ञांना विचारू नका. ते दोन तोंडांनी बोलतात. नळीला विचारा. नळीला पक्ष नसतो."

एका तसबिरीपुढे त्याने गोळा धरला. पाणी गप्प. पुढच्या तसबिरीपुढे धरला, तर पाणी सरसर वर चढून उकळायला लागलं. अख्खा हॉल उभा राहिला.

ती तसबीर ऑरव्हिल ट्वेटच्या लाडक्या अध्यक्षांची होती. ऑरव्हिल माझा शेजारी. माझी बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी पत्ते खेळायला येणारा एकुलता एक माणूस, आणि बेल्डनमध्ये त्या पक्षाला मत देणाराही जवळजवळ तोच एक.

"काय ऑरव्हिल, बुडवलास ना देश?" मागून कुणीतरी म्हणालं.

"जाताना तुझ्या अध्यक्षाचं बिल भरून जा हं."

हशा पिकला. ऑरव्हिल उठून गेला. प्रोफेसरने तसल्या पेटीभर नळ्या वीस-वीस डॉलरला एक अशा विकल्या.

दुसऱ्या दिवसापासून ऑरव्हिल येईना. मी एकट्यानेच दोघांचे पत्ते वाटून पाहिले. आमच्या नदीतल्या माशाने ट्रॅक्टर गिळला, ती गोष्ट रिकाम्या खुर्चीला सांगितली. खुर्चीने सगळं खरं मानलं. 'थापा मारू नकोस लेका' म्हणणारं कुणी नसलं की थाप मारण्यातही राम राहत नाही.

मग कळलं, नदीपलीकडच्या गावात प्रोफेसरचा खेळ आहे. तिकडे सगळी ऑरव्हिलच्या पक्षाची माणसं. आमच्या गुरांच्या डॉक्टर रूथबाई निघाल्याच होत्या, त्यांच्या गाडीत मीही बसलो. पाहतो तर काय, तिथे पाणी नेमकं विरुद्ध पक्षाच्या अध्यक्षांच्या तसबिरीपुढे चढलं.

रूथबाई उठल्या. "प्रोफेसर, जरा तो गोळा द्या."

"बाई, नळी फार नाजूक मनाची आहे."

"मी गाई तपासते. त्याही असतात."

त्यांनी गोळा आपल्या गरम कॉफीच्या पेल्याला टेकवला. पाणी भसकन वर.

"घ्या, कॉफीने देश बुडवला," बाई म्हणाल्या. "आत पाणी नाही, चटकन उडणारं स्पिरिट आहे. ऊब लागली की त्याची वाफ फुगते आणि त्यालाच वर ढकलते. तुमच्या नावडत्या अध्यक्षापुढे हे गोळा मुठीत दाबतात, आवडत्यापुढे नळीला नुसतं चिमटीत धरतात."

पुढे बसलेल्या म्हातारीने विचारलं, "मग कर्ज केलं कुणी?"

"आजी, आज इथे पूर आला तर तो कुठल्या पावसाचा?"

"वरच्या अंगाला आधी पडून गेलेल्या."

"अध्यक्षांचंही तसंच. पहिल्या वर्षाचा बराचसा खर्च आधीच्याने ठरवलेला. कर एक कमी करतो, खड्डा दुसऱ्याच्या काळात दिसतो. त्यात युद्धं, मंदी, आणि तिजोरीची किल्ली संसदेकडे."

"म्हणजे सगळे सारखेच की."

"नाही. कुणी जास्त वाढवलं, कुणी कमी. पण नुसत्या डॉलरात मोजलं तर एक उत्तर, देशाच्या कमाईच्या मानाने मोजलं तर दुसरं. ते बसून, ताडून बघावं लागतं. मुठीत धरून कळत नाही."

प्रोफेसरने तसबिरी गोळा केल्या. मी परतलो तो थेट ऑरव्हिलच्या दाराशी.

"ऑरव्हिल, नळी खोटी होती रे."

"ते मला तिथेच कळलं होतं," तो जाळीच्या दाराआडून म्हणाला. "हसणं खरं होतं. आणि तू त्यांच्यातच बसला होतास."

आतलं दारही लागलं.

तेव्हा मंडळी, कुणी चुटकीसरशी देशाचा गुन्हेगार दाखवायला लागला, तर विचारा: कधीपासून मोजलंस, कशाच्या मानाने मोजलंस, आणि तुझा हात कुठे आहे? मात्र हे भर सभेत विचारा, शेजारी उठून जायच्या आत. नंतर विचारलं तर उत्तर बरोबर मिळतं, पण ते ज्याला सांगायचं, तोच उरत नाही.