मिस्त्रींना लाल गटात घ्या

“काकू, अगदी निर्धास्त राहा. आमच्याकडे दोन पेशंटच्या योजना कधी सारख्या नसतात. अंगाची मापं घेऊन शर्ट शिवतात ना, तशी आम्ही एकेकाची योजना शिवतो,” कॅन्सर हॉस्पिटलातल्या प्रमुख बाईंनी छातीठोकपणे सांगितलं आणि मिस्त्रींची खास योजना मिस्त्रीणबाईंच्या हातात दिली.

त्यात पहिलंच वाक्य होतं, ‘रोज संध्याकाळी आपल्या मांजरीला मांडीवर घेऊन शांत बसा.’

मिस्त्रींच्या घरात मांजर नव्हतं. बाहेरच्या बाकावर एक टकले गृहस्थ आपली खास योजना वाचत बसले होते. त्यांनाही मांजर लागू झालं होतं. त्यांच्या घरी पोपट होता, आणि आता त्या पोपटाचं काय करायचं या काळजीने ते आजारापेक्षा जास्त खचले होते.

योजनेचं नाव होतं ‘माझी वाट’.

“नावातच लागलीय,” मिस्त्री म्हणाले.

“गप्प बसा हो,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्यांना मांजराशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष वेदना विभागाच्या दाराकडे होतं. मिस्त्रींचा रोग कंबरेच्या हाडात उतरला होता. आधीच्या गोळ्या आता चघळायच्या गोळ्यांइतक्याच कामाच्या राहिल्या होत्या. मिस्त्रींना आडवं होता येत नव्हतं. इस्त्रीच्या टेबलावर उशी ठेवायची, तिच्यावर कपाळ टेकायचं आणि उभ्या उभ्या डुलकी काढायची, असं त्यांचं झोपणं चाललं होतं. याच्यावरचं जोरदार औषध फक्त वेदनेचे डॉक्टर लिहून देत. ते बुधवारी बसत. आणि ते बघत फक्त लाल गटातल्या पेशंटना.

गट ठरायचे फोनवर. प्रत्येक पेशंटला एक ‘सोबती’ मिळायचा. तो विचारायचा, “दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही.” सात आणि वर असेल तर लाल. चारच्या खाली हिरवा. एवढं साधं होतं. मिस्त्रींनी फक्त खरं बोलायचं होतं.

पण इथेच सगळं घोडं अडलं.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक. सगळी उमर बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात गेली. त्या धंद्याचा एक नियम असतो. दोर तुटायला आला असो की मोटार जळत असो, आत अडकलेल्याला ते कळू द्यायचं नाही. आवाज गार ठेवायचा आणि म्हणायचं, “काही नाही, सगळं ठीक आहे, दोन मिनिटं.” माणूस घाबरला की दार ओरबाडतो, नको तिथे पाय घालतो आणि जिवाला मुकतो. मिस्त्रींच्या तोंडात हे वाक्य इतकं मुरलं होतं, की समोरच्याचा आवाज जरा कापरा झाला की ते आपोआप बाहेर पडायचं. लग्नाच्या दिवशी सासूबाई रडायला लागल्या, तेव्हा त्यांनाही मिस्त्रींनी “दोन मिनिटं” म्हणून सांगितलं होतं.

आणि त्यांच्या वाट्याला आलेली सोबती होती नोकरीला नुकतीच लागलेली पोरगी. पहिला फोन आला तेव्हा तिचा आवाज वाऱ्यावरच्या कागदासारखा थरथरत होता.

“काका... मी तुमची सोबती. तुम्हाला... फार दुखतं का हो?”

मिस्त्रींनी कपाळ उशीवरून उचललं. चेहऱ्यावर घाम होता. आवाज मात्र गार.

“काही नाही गं बाळा. सगळं ठीक आहे.”

“मग आकडा किती लिहू?”

“लिही की दोन.”

मिस्त्रीणबाईंच्या हातातून पातेलं पडलं.

“अहो, दोन? काल टॉवेल दातात धरून फाडलात, तो काय दोनचा होता?”

“अगं, पोरगी घाबरली होती.”

“तिला काय झालंय? कॅन्सर तुम्हाला झालाय!”

मिस्त्री हिरव्या गटात गेले. हिरव्या गटाला लगेच भेटवस्तू आली, रंगवायची चित्रं आणि सुवासिक मेणबत्ती. मेणबत्तीच्या वासाने मिस्त्रींना उलटी झाली. चित्रं मिस्त्रीणबाईंनी रागाने रंगवून टाकली, सगळी काळी.

मग त्यांनी स्वतः हॉस्पिटलात फोन लावला.

“त्यांचं दुखणं नऊ आहे. मी बायको बोलतेय, डोळ्यांनी बघतेय.”

“काकू, योजना त्यांची आहे,” पलीकडचा कारकून गोड आवाजात म्हणाला. “दुसऱ्याचं ऐकून आम्ही त्यांच्यावर काही लादत नाही. त्यांच्याच तोंडून यायला हवं.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला, छाती फुगवली आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, “मी मिस्त्री बोलतोय. नऊ.”

कारकुनाने आस्थेने चौकशी केली. घसा कधीपासून बसलाय, गिळताना त्रास होतो का, बायकी आवाज आजारामुळे झाला का. दोन दिवसांनी मिस्त्रींच्या नावाने गुळण्यांचं औषध घरी आलं.

एक मात्र बरं झालं. आवाजात फरक पडला म्हणून हॉस्पिटलाने सोबतीला घरी पाठवायचं ठरवलं. घरभेटीत जो आकडा मिळेल तोच पुढचे तीन महिने कायम राहणार होता. तीन महिने मिस्त्रींपाशी होते की नाही हे कोणी बोलत नव्हतं. मिस्त्रीणबाईंनी तालीम सुरू केली.

“दुखणं किती?”

“नऊ.”

“मोठ्याने.”

“नऊ!”

“आणि ती रडली तर?”

“तरी... नऊ.”

“शपथ?”

“तुझी शपथ.”

“माझी नको. स्वतःची घ्या.”

ठरल्या दिवशी पोरगी आली. खालून वॉचमनने फोन केला, मॅडम लिफ्टने वर निघाल्यात. मिस्त्रीणबाईंनी मिस्त्रींचे केस मुद्दाम विस्कटले, अंगावर जुनाच सदरा ठेवला, पेशंट पेशंटसारखा दिसायला हवा म्हणून. तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला आणि दिवे मिचमिचले.

या इमारतीची लिफ्ट मिस्त्रीच फुकटात सांभाळायचे. ते आजारी पडल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. आता ती चौथ्या आणि मिस्त्रींच्या पाचव्या मजल्याच्या मध्ये लोंबकळत होती आणि आतून किंकाळ्या येत होत्या.

मिस्त्री काठी घेऊन निघाले. दारापासून लिफ्टपर्यंत जायला त्यांना पूर्वी चार ढांगा लागत. आता ते भिंतीला घासत, थांबत, दात चावत गेले आणि जाळीपाशी गुडघ्यांवर बसले. खरं तर कोसळले. आवाज ऐकून धावत आलेल्या वॉचमनला त्यांनी वर मशीनच्या खोलीत पिटाळलं, ब्रेक कसा सोडायचा आणि चाक कुठल्या बाजूला फिरवायचं ते सांगून.

“काका, मी मरणार!” आतून पोरगी ओरडली. “श्वास घेता येत नाहीये!”

“कोणी मरत नाही. आत भरपूर हवा आहे. सगळं ठीक आहे, दोन मिनिटं. तू असं कर, डोकं कामात गुंतव. प्रश्न विचारायला आलीयस ना? विचार तुझे प्रश्न.”

मिस्त्रीणबाईंच्या जिवात जीव आला. आता विचारेल आणि हे नऊ सांगतील. त्यांनी मागून मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा ओलाचिंब होता आणि तापल्या तव्यासारखा गरम.

आत मोबाइलचा उजेड पडला. हुंदके देत पोरगी वाचू लागली, “काका... तुमचं दुखणं... आत्ता या क्षणी... किती?”

मिस्त्रींची बोटं जाळीत रुतून पांढरी पडली होती. कंबरेतली कळ पायात उतरत होती. त्यांनी एक लांब श्वास घेतला.

“दोन,” ते म्हणाले.

“अहो!”

मिस्त्रींनी मागे न बघता बोट वर केलं. लिफ्टबाहेर गोंधळ घालणाऱ्या नातेवाइकांना ते असंच गप्प करायचे.

“खरंच दोन, काका?”

“खरंच. मस्त उभा आहे मी इथे. आता बघ, डब्बा हलेल. घाबरू नकोस.”

डब्बा हलला. पोरगी बाहेर आली आणि समोर मिस्त्री जमिनीवर पडलेले बघून तिने पुन्हा किंकाळी मारली.

“तिला आत काय सांगणार होतो?” मिस्त्री जमिनीवरूनच पुटपुटले. “नऊ म्हटलं असतं तर तिने हातपाय गाळले असते.”

मिस्त्रीणबाईंनी पोरीला भिंतीशी धरून सगळं सांगितलं. टॉवेल, इस्त्रीचं टेबल, घोगरा आवाज, सगळं. पोरगी ढसाढसा रडली. वाईट नव्हती ती. “काकू, मी बदलते. एकदा दुरुस्ती करता येते. आत्ता बदलते.” तिने घाईघाईने नऊ दाबलं आणि पाठवून दिलं.

पण ती दाबायच्या आतच मोबाइल आपण होऊन पुढच्या प्रश्नावर गेला होता. नऊ जाऊन बसलं ‘जगण्याचा उत्साह’ या रकान्यात. दुखणं दोनच राहिलं. दुरुस्ती संपली.

असा पेशंट हॉस्पिटलाने कधी पाहिला नव्हता. हाडात रोग, दुखणं दोन, उत्साह नऊ! प्रमुख बाईंनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं आणि मिस्त्रींना ‘प्रेरक’ केलं. म्हणजे लाल गटातल्या पेशंटनी घाबरून फोन केला की तो मिस्त्रींना जोडून द्यायचा. नाही म्हणायला हवं होतं. पण बाई बोलता बोलता दमल्यासारख्या वाटल्या, आणि मिस्त्री म्हणाले, “काही नाही, सगळं ठीक आहे.”

सोमवारपासून फोन सुरू झाले. पलीकडे रडणारी माणसं, अलीकडे इस्त्रीच्या टेबलावर कपाळ टेकून मिस्त्री. त्यांच्या आवाजाने मेलेल्यालाही धीर आला असता. पोपटवाले गृहस्थही त्यात होते. एकदा मिस्त्रीणबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि ओरडल्या, “त्यांचं ऐकू नका! दहा सांगा, दहा!” तेव्हा पलीकडची म्हातारी इतकी भेदरली की तिला शांत करायला मिस्त्रींना तासभर बोलावं लागलं. त्या तासानंतर त्यांना उभंही राहता येईना.

माणसं शांत व्हायची. मग त्यांच्या सोबत्यांचे फोन यायचे, तेव्हा ती म्हणायची, “मिस्त्रींचं आठवलं की वाटतं, आपलं काय मोठंसं दुखतंय?” आणि दोन सांगायची, फार तर तीन.

दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रींनी पाणी पिणंही सोडलं. बुधवारी मिस्त्रीणबाईंनी गट, वेळ, योजना सगळं खड्ड्यात घातलं, वॉचमनच्या मदतीने मिस्त्रींना खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं, टॅक्सीत घातलं आणि थेट वेदना विभागाच्या दाराशी नेलं. दार फोडून आत जायची त्यांची तयारी होती.

दाराला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, लाल गटात कोणी उरलं नाही, म्हणून डॉक्टरांना रजा दिलीय.