इंजिनावरचा आळ

दुपारी एकला लॅबमधलं मोठं यंत्र सुरू व्हायचं. त्याआधी पाच दवाखान्यांतले रक्ताचे नमुने बर्फाच्या पिशवीतून तिथे पोचवणं हे तिचं काम. बासष्ट किलोमीटरच्या या चकरेला लॅबमध्ये फेरी म्हणत, म्हणून ती फेरीवाली. नऊ वर्षांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात, काउंटरवरच्या एकाने "काय बाई, आज भाजी कशी दिली?" असं विचारलं होतं. "भाजी संपली, रक्त उरलंय. किती बाटल्या देऊ?" असं तिने विचारल्यावर तो विषय संपला, पण नाव राहिलं.

मोटारसायकल तिच्याहून आठच वर्षांनी लहान होती. नऊ वर्षांत तिने कधी दगा दिला नव्हता. गेल्या महिन्यात मात्र चौथ्या दवाखान्यानंतरच्या चढावर ती चार वेळा बंद पडली. आधी ओढ कमी व्हायची, मग गुडघ्यांना धग लागायची, मग इंजिन दोन आचके देऊन थांबायचं. किक मारून पोटरी भरून आली तरी दाद नाही. पाऊण तास चाललेली गाडी पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की निमूट सुरू. यात दोनदा ती एकनंतर पोचली आणि पाच दवाखान्यांच्या रुग्णांचे निकाल एक दिवस पुढे गेले.

सोमवारी लॅबच्या मॅडमनी तिला समोर बसवलं. "तिसऱ्यांदा एक वाजून गेला तर फेरी व्हॅनला देणार. तुमच्या दिरांचा त्यांच्या व्हॅनसाठी अर्ज आलाय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. दिराने अर्ज घरातल्याच टेबलावर बसून लिहिला होता, आणि पेन तिचं होतं.

संध्याकाळी ती मिस्त्रीकडे गेली. दीर आधीच तिथे स्टुलावर बसलेला.

"या वहिनी. तुमच्याच गाडीचं चाललंय."

"हो का? मला वाटलं व्हॅनचं."

मिस्त्रीने हात पुसले. महिनाभरात त्याने तेल बदललं होतं, प्लग बदलला होता, कार्बोरेटर दोनदा साफ केला होता, टॅपेट लावले होते. आता त्याच्याकडे एकच उत्तर उरलं होतं. "इंजिन बसलंय, ताई. तापलं की जीव सोडतं. पिस्टन, रिंगा, सगळं करावं लागेल. आठ दिवस तरी."

"आठ दिवस फेरी कोण करणार?"

दिराने खिशातून व्हॅनची किल्ली काढून बोटावर फिरवली.

"बसलेलं इंजिन सकाळी पहिल्या किकला कसं सुरू होतं?" तिने विचारलं.

"म्हातारी माणसंही सकाळी ताजी असतात. दुपारी बघा."

"माझे सासरे दुपारीच जास्त ओरडतात. जुना प्लग कुठंय?"

मिस्त्रीने डब्यातून काढून दिला. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं होतं. याचा अर्थ त्यानेच तिला मागे शिकवला होता: काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, आणि पेट्रोल कमी मिळालं की इंजिन तापतं.

"म्हणजे उपाशी आहे," ती म्हणाली. "तापल्यामुळे बंद पडत नाही. पेट्रोल मिळत नाही म्हणून तापते आणि म्हणूनच बंद पडते."

"कार्बोरेटर दोनदा साफ केलाय मी. नळीही फुंकलीय. कुठून उपाशी राहील?"

"ते मी बघते."

"वहिनी, कशाला हट्ट?" दीर म्हणाला. "मी काय परका आहे? फेरी घरातच राहील."

"घरात राहील, भाऊजी. माझ्याकडे राहील."

रात्रीची भांडी नवऱ्यावर सोपवून तिने महिन्याचे फेरीचे कागद काढले. प्रत्येक दवाखान्यात पोचल्याची वेळ त्यावर असायची, आणि तिच्या सवयीने पेट्रोल भरल्याची वेळसुद्धा. गाडी बंद पडलेले चारही दिवस तिने एका बाजूला ठेवले. त्या चारही दिवशी ती पंपावर थांबली नव्हती. पंप तिसऱ्या दवाखान्याजवळ होता. ज्या दिवशी थांबली, त्या दिवशी चढावर काही झालं नव्हतं, एकदाही नाही.

"पाच मिनिटं विसावा मिळतो, एवढंच असेल," नवरा नळाखाली ताट धरून म्हणाला.

तिलाही तेच वाटलं. मंगळवारी तिने ते करून पाहिलं. पंपाच्या अलीकडे झाडाखाली घड्याळ लावून गाडी पाच मिनिटं बंद ठेवली, मग निघाली. चौथा दवाखाना झाला. चढाच्या मध्यावर ओढ गेली, धग आली, दोन आचके बसले. गाडी थांबली तेव्हा बारा बत्तीस झाले होते. लॅब अजून नऊ किलोमीटर.

फोन वाजला. दीर होता. "वहिनी, सहज फोन केला. कुठपर्यंत आलात? मी जवळच आहे. व्हॅन आणू का?"

"जवळ कशाला आहात?"

"सहज."

"मग सहज घरी जा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिने नेहमीसारखं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. झाकण उघडताना टाकीने आत दम ओढल्यासारखा फस्स आवाज केला होता. हा आवाज तिने चारही वेळा ऐकला होता आणि चारही वेळा दुर्लक्ष करून सावलीत जाऊन बसली होती. आज बसायला वेळ नव्हता, म्हणून ती उभी राहिली आणि विचार करत राहिली. झाडाखाली पाच मिनिटं थांबून फरक पडला नाही. पंपावर थांबून पडतो. पंपावर असं काय होतं, जे झाडाखाली झालं नाही?

पंपावर झाकण उघडतात.

तिने झाकण लावलं आणि लगेच किक मारली. इंजिनावर हात ठेवला असता तर फोड आला असता, इतकं ते तापलेलं होतं. दुसऱ्या किकला ते सुरू झालं.

वाटेत तिने दोनदा गाडी थांबवून झाकण उघडून बंद केलं. दोन्ही वेळा टाकी फस्स करून हवा प्यायली. बारा चौपन्नला तिने पिशवी काउंटरवर ठेवली.

मग लॅबच्या भिंतीलगत उभं राहून तिने झाकण उलटं करून पाहिलं. आत काळा रबराचा चकतीसारखा तुकडा होता. तो तिनेच कापला होता, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून, सव्वा महिन्यापूर्वी. नमुन्यांची पिशवी टाकीवर बांधलेली असायची आणि पिशवीला पेट्रोलचा वास येतो अशी काउंटरवरच्याने तक्रार केली होती. वास कोंडायला तिने झाकणाला रबर लावलं, आणि हवा आत जायचं बारीक भोक त्याखाली गेलं. रबर नवं होतं तोवर कुठूनतरी हवा शिरत होती. आठ दिवसांत ते दबून घट्ट बसलं. मग जसजसं पेट्रोल खाली जाई, तशी टाकीत पोकळी तयार होई, आणि ती पोकळी पेट्रोल वरच धरून ठेवी. तिने प्रत्येक वेळी झाकण उघडून दुरुस्ती केली होती आणि श्रेय सावलीला दिलं होतं.

संध्याकाळी मिस्त्रीने ते रबर बोटांत धरून उलटसुलट करून पाहिलं. "मी कार्बोरेटर दोनदा उघडला. झाकणाकडे बघितलंच नाही."

"रबर मी लावलं होतं. तुमची चूक अर्धी."

"अर्धी तरी कशाला?"

"इंजिन बसलंय म्हणालात ना, त्याची."

त्याने हसून सुई दिली. तिने भोक मोकळं केलं, पिशवी टाकीवरून काढून मागच्या कॅरियरवर बांधली, आणि गाडी त्या चढावर लागोपाठ तीनदा नेली. वर पोचल्यावर दर वेळी मुद्दाम बंद केली. दर वेळी ती पहिल्या किकला सुरू झाली.

शनिवारी बारा वीसला ती लॅबमध्ये शिरली तेव्हा दीर मॅडमसमोर बसला होता.

"चार दिवस वेळेवर आल्या, मान्य," मॅडम म्हणाल्या. "पण गाडी जुनी आहे. निदान लांबचे दोन दवाखाने व्हॅनला देऊ या का?"

"नाही. पाचही माझे."

"वहिनी, उद्या परत बंद पडली तर?"

"का पडली होती ते तुम्हाला माहीत आहे का, भाऊजी? मला आहे." ती मॅडमकडे वळली. "उशिराच्या वहीत तुम्ही काय लिहिलंय?"

मॅडमनी वही उघडली. दोन्ही तारखांपुढे लिहिलं होतं: गाडी जुनी, भरवशाची नाही.

"ते खोडा. लिहा, टाकीच्या झाकणाला रबर लावल्याने पेट्रोल अडलं. रबर फेरीवाल्या बाईने लावलं."

दीर खुर्चीत पुढे सरकला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "स्वतःच्या नावावर चूक लिहून घेताय? वर जाते ही वही."

"जाऊ दे. गाडी जुनी आहे हे मला बदलता येणार नाही, आणि त्या कारणावर तुम्ही कधीही फेरी काढून घ्याल. चूक माझी होती आणि ती मी काढलीय. ज्याला फेरी काढून घ्यायची असेल त्याने नवं कारण शोधावं."

मॅडमनी जुनी ओळ खोडली आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहायला घेतलं. ती टेबलावर वाकून उलट्या बाजूने वाचत होती.

"'बहुधा' काढा," ती म्हणाली.