न झोंबणारं औषध

आजार आधी मनातून जातो आणि मग शरीरातून, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. सलूनवाल्याने हेपटायटिस सी मनातून कितीदा तरी काढून टाकला होता. यकृतातल्या विषाणूला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

जुन्या ऑपरेशनात चढवलेल्या रक्तातून तो आला आणि ठाण मांडून बसला. पहिल्या उपचाराच्या इंजेक्शनांनी सलूनवाल्याला ताप आला, केस गळाले (या धंद्यात ही जाहिरात बरी नव्हे), आणि डोकं असं फिरलं की बायको महिनाभर माहेरी जाऊन राहिली. विषाणूचा बाल बाका झाला नाही. तेव्हापासून त्याने वस्तरा हातात धरला नव्हता. आपलं बोट कापलं आणि रक्त कुणाच्या गालाला लागलं तर? दाढ्या मेहुणा करायचा. गिऱ्हाइकं डोळे मिटून, श्वास रोखून करून घ्यायची.

मग मोठ्या इस्पितळात, पहिला उपचार फसलेल्यांना दोन औषधं एकत्र देऊन बघायची चाचणी निघाली. सलूनवाला तयार झाला. गोळ्या सुरू झाल्या आणि काहीच झालं नाही. ताप नाही, मळमळ नाही, उलट झोप गाढ.

"खडू आहे हा, खडू!" तो बायकोला म्हणाला. "दाढीनंतर तुरटी झोंबली नाही तर गिऱ्हाईक विचारतं, झाली का? औषधाचंही तसंच."

"अहो, पण तुम्ही खेकसत नाही आजकाल. मला तरी गुण आलाय."

तरी तो गोळ्या सोडायच्या ठरवून इस्पितळात गेला.

"काय त्रास होतोय?" नर्सने विचारलं.

"त्रास होत नाही, हाच त्रास."

"काका, अशी तक्रार घ्यायची सोय नाही आमच्याकडे."

डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. "विषाणू जवळजवळ दिसेनासा झालाय. तुम्हाला झोंबत नसेल, त्याला झोंबतंय. पण आत्ता सोडलंत तर तो परत डोकं वर काढेल. गोळ्या पुऱ्या करा. मग थोडे महिने थांबून तपासू. तेव्हाही नसला, तर गेला म्हणायचं."

गोळ्या संपल्यावरचे महिने खरे झोंबले. आरशासमोर जीभ बघ, डोळे बघ, असं चालू होतं. शेवटी रिपोर्ट आला. विषाणू नव्हता. चाचणीतल्या सगळ्यांचं नशीब असं उघडलं नव्हतं, पण बऱ्याच जणांचं उघडलं होतं.

"आता धरू वस्तरा?"

"खुशाल धरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि वस्तऱ्याला नवं पातं लावलं.

"जपून हं भावोजी, सवय मोडलीय तुमची," मेहुणा म्हणाला.

"तुला कधी लागली होती रे?"

बाकावरची माणसं खो खो हसली. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. सलूनवाल्याने त्याची मान हलकेच मागे टेकवली, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, गालावर फेस केला.

गिऱ्हाइकाला फक्त केस कापून हवे होते.